शाळेच्या नळाचं प्रमाणपत्र

मत असण्याची सवय मला वडिलांनी लावली. ते शिक्षक होते. नगरच्या आमच्या घरी सकाळची प्रार्थना आटोपली की ते वर्तमानपत्र उघडायचे आणि आम्हा भावंडांपैकी एकाला अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावायचे. वाचून झालं की विचारायचे, "तुझं काय म्हणणं आहे यावर?" काहीच म्हणणं नसलं तर ते नाराज व्हायचे. त्यामुळे लहानपणापासून मला सगळ्यावर म्हणणं असतं. सरकारवर असतं, विरोधकांवर असतं, आज इकडे आणि उद्या तिकडे गेलेल्या पुढाऱ्यांवर तर असतंच. टीव्हीवर संध्याकाळी जी भांडणं चालतात त्यांवरही असतं.

पुढे मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. नोकरीतली शेवटची अकरा वर्षं पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात मुख्याध्यापिका होते. राहायला पाथर्डीत, रोज जीपनं गावात ये-जा. त्या अकरा वर्षांत नगरच्या एका दैनिकात वाचकांच्या पत्रांच्या सदरात माझी बरीच पत्रं छापून आली. सरकारी नोकरीत असल्यामुळे खाली नाव नसायचं. 'एक शिक्षिका, पाथर्डी तालुका' एवढंच. पत्रांत मी रस्त्यांवर लिहिलं, टँकरवर लिहिलं, बातमीच्या नावाखाली छापून येणाऱ्या जाहिरातींवर लिहिलं. 'उत्तरदायित्व' हा शब्द मला फार आवडायचा. बहुतेक प्रत्येक पत्रात तो एकदा तरी यायचा.

ही पत्रं गावात एकच माणूस मन लावून ऐकायचं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. त्यांचे मालक आणि मुलगा-सून दरवर्षी दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचे. मावशी सासूला सांभाळायला आणि शाळेतल्या या कामासाठी गावात राहायच्या. त्यांना सही करता यायची, मोठी अक्षरं जुळवून वाचताही यायची, पण पेपरातलं बारीक छापलेलं जमायचं नाही. सकाळी त्या व्हरांड्यात तांदूळ निवडायला बसल्या की मला हाक मारायच्या आणि आज काय छापून आलंय ते विचारायच्या. मी त्यांना अग्रलेख वाचून दाखवायची, आणि माझं पत्र आलेलं असलं तर तेही. एकदा त्यांनी उत्तरदायित्व म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, ज्यानं काम केलं, त्याला कुणी विचारलं तर त्यानं उत्तर द्यायचं, आणि आपण विचारायचं. मावशींनी हातातलं सूप थांबवून ते ऐकलं. "म्हंजी आदी आपून इचाराया पायजे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बरोबर. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आपण वर्गाबाहेरही शिकवतो आहोत असं काहीसं.

मग गावात नळयोजना आली. शाळेच्या मागच्या अंगाला उंच टाकी उभी राहिली, घरोघर नळ बसले, शाळेतही व्हरांड्याच्या कोपऱ्याला दोन तोट्या आल्या. उद्घाटनाच्या दिवशी टँकर आणून टाकीत पाणी चढवलं होतं. तोटी सोडली, पाणी आलं, फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवसापासून तोट्या कोरड्या. विहिरीपासून टाकीपर्यंतची पाइपलाइन पूर्ण झालेलीच नव्हती. शाळेचं पाणी पूर्वीसारखंच टँकरचं, पिंपात साठवलेलं.

उद्घाटनानंतर महिनाभरानं ठेकेदाराचा माणूस आणि ग्रामपंचायतीचा एक सदस्य माझ्या खोलीत आले. त्यांच्याकडे टाइप केलेला कागद होता. शाळेस नळाद्वारे नियमित व पुरेसा पाणीपुरवठा होत असल्याबाबत प्रमाणपत्र. खाली मुख्याध्यापकाच्या सहीची आणि शिक्क्याची जागा. मी म्हटलं, पाणी तर एकच दिवस आलं. ठेकेदाराचा माणूस हसून म्हणाला की येईल, कागद पुढे गेल्याशिवाय उरलेलं काम सुटत नाही. सदस्य माझ्याशी नेहमीच अदबीनं बोलायचा. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तो म्हणाला, "बाई, तुमची पेन्शनची कागदपत्रं आता सुरू हुतील. दीड-दोन वर्सं राहिली. कशाला कुनाच्या डोळ्यावर यायचं?" धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. आवाजही चढलेला नव्हता. मी ड्रॉवरमधून शिक्का काढला, पॅडवर दाबला आणि सही केली. त्यांनी चहाही घेतला नाही, घाईत होते.

त्या आठवड्यात माझं एक पत्र छापून आलं. वृत्तवाहिन्यांनी सत्य पडताळून पाहण्याची जबाबदारी कशी झटकली आहे, असा त्याचा विषय होता. मावशींनी ते दोनदा वाचायला लावलं. प्रमाणपत्राबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. नगरला सुट्टीला गेले की रविवारी चर्चमधल्या उपासनेत पापांची कबुली देण्याची प्रार्थना आम्ही सगळे एका सुरात म्हणतो. त्या प्रार्थनेत सगळं 'आम्ही' असतं. त्या 'आम्ही'त मी पुष्कळ दिवस आरामात उभी होते.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, निवडणुकांची धामधूम चालू असताना, एका वृत्तवाहिनीची गाडी गावात आली. सकाळची शाळा होती. बातमीदार पोरगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची, उन्हानं तोंड लाल झालेलं. बरोबर कॅमेरावाला. त्यांना नळयोजनांवर काहीतरी करायचं होतं आणि टाकी लांबून दिसते म्हणून ते शाळेकडे वळले होते. मावशी पिंपातलं पाणी तांब्यानं घेऊन भांडी घासत होत्या. पोरीनं माइक त्यांच्यापुढे धरला आणि पाणी येतं का विचारलं.

मावशींनी पदर सारखा केला. त्या घाबरल्या नाहीत. "न्हाई येत," त्या म्हणाल्या. "टाकी बांदली तवा एक दिस आलं, त्येबी टँकरचं हुतं. ज्यानं काम केलं त्यानं उत्तर द्याया पायजे." मग माझ्याकडे हात केला. "आमच्या बाईंना इचारा. त्यांनीच आमाला सांगितलंय, इचारायचं म्हनून."

माइक माझ्याकडे आला. फाटकाशी तो सदस्य मोटारसायकलवर एक पाय टेकवून उभा होता. गाडी आल्याचं कळून आला असावा. हातात मोबाईल धरून तो आमचं चित्रण करत होता. माझ्या पेन्शनच्या प्रस्तावात सेवापुस्तकातली एक नोंद अडकलेली होती आणि तालुक्याला त्याची ओळख होती, हे मला त्या क्षणी आठवलं. खरं तर आठवायची गरज नव्हती, ते सतत डोक्यात असायचंच. मी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि वर्गात बोलते तशा शुद्ध मराठीत म्हणाले की योजना चांगली आहे, काही तांत्रिक अडचणी आहेत, पण पाणी येतं.

"शाळेच्या नळाला येतं?" पोरीनं विचारलं.

"येतं," मी म्हणाले.

तोट्या आमच्यापासून चार पावलांवर होत्या. त्या पोरीनं मागे वळून एक तोटी फिरवली असती तर काम झालं असतं. तिनं फिरवली नाही, तिला अजून दोन गावं करायची होती. मावशी मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला काहीतरी नीट ऐकू आलं नाही असं वाटून माणूस बघतो तशा बघत होत्या. मग खाली बसून भांडी घासायला लागल्या.

बातमी त्याच संध्याकाळी लागली. मी पाथर्डीच्या खोलीत एकटी बसून पाहिली. मावशी पाच-सहा सेकंद दिसल्या. मग मी, नावाच्या जागी 'मुख्याध्यापिका' अशी पट्टी. निवेदक म्हणाला, एकीकडे आरोप, तर दुसरीकडे वस्तुस्थिती. म्हणजे मी वस्तुस्थिती झाले होते. त्यानंतर दोन पक्षांचे प्रवक्ते योजना कुणाच्या काळात मंजूर झाली यावर एकमेकांवर ओरडत राहिले. असल्या चर्चांना मी गेली कित्येक वर्षं नावं ठेवत आले होते. या खेपेला त्या चर्चेला लागणारा खोटा माल मी पुरवला होता. टीव्ही बंद केला आणि बराच वेळ रिमोट हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवरच्या एका गावठी वाहिनीनं गावाची बदनामी करणाऱ्या या बाईच्या पाठीशी कोण, असा व्हिडिओ काढला. त्यात मावशींचा फोटो होता. गावातल्या सगळ्या ग्रुपांवर तो फिरला. कुणी लिहिलं की त्यांना पैसे दिले असतील, कुणी लिहिलं की खिचडी शिजवणारीला काय कळतं. मी त्या ग्रुपांवर होते. वाचत होते. एका शब्दानं काही लिहिलं नाही.

जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी विषय मांडला की पोषण आहाराच्या स्वच्छतेबद्दल पालकांच्या तक्रारी आहेत, तेव्हा या वर्षी दुसरी बाई घ्यावी. तक्रार एकही नव्हती. अकरा वर्षांत त्यांच्या भातात खडा लागल्याचं मला आठवत नाही. बैठकीत तो सदस्यही होता, नव्या बाईचं नाव त्यानंच सुचवलं, त्याच्या भावकीतली होती. मुख्याध्यापक हा या समितीचा सचिव असतो. ठराव लिहायचं काम सचिवाचं. मी तो लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळेच म्हणतात. त्या दिवशीही ओळी सरळ आल्या, कुठे खाडाखोड झाली नाही.

मावशींना सांगायचं कामही माझंच होतं. त्या व्हरांड्यात आल्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. आपली काय चूक झाली एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणाले, वरून आलंय. वरून काहीही आलेलं नव्हतं. मावशींनी स्वयंपाकखोलीची किल्ली टेबलावर ठेवली, पिशवीत स्वतःची विळी घातली आणि गेल्या. मुलं खिडकीतून बघत होती.

दसरा झाला तशा गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. एका सकाळी जीपमधून उतरले तर फाट्यावर ट्रक भरत होता. त्यात मावशी होत्या. सासूबाई त्याच पावसाळ्यात गेल्या होत्या आणि गावात त्यांना आता काम नव्हतं, तेव्हा या वर्षी मालकांच्या जोडीनं त्या स्वतः कोयता घेऊन निघाल्या होत्या. पन्नाशी पार केलेली बाई. पाठीचा त्रास होता त्यांना, मला माहीत होतं, कारण भाताचं पातेलं उतरवायला त्या नेहमी कुणाला तरी हाक मारायच्या.

मी जवळ गेले. जपून राहा म्हणाले, पाठीचं औषध घेतलंय का विचारलं. त्यांनी होय म्हटलं. मग भांड्यांचं गाठोडं वर ट्रकमध्ये देता देता त्यांनी विचारलं, "बाई, तुमी पेपरात लिवता त्ये तरी खरं असतं का?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्षानुवर्षं त्यांनी ते ऐकलं होतं, त्यावर विसंबून बोलल्या होत्या. मी म्हणाले, "असतं." त्यांनी मान हलवली आणि दुसरं गाठोडं उचललं.

त्यानंतर मी पत्र लिहिलं नाही. दोनदा बसले लिहायला. कागदावर 'उत्तरदायित्व' हा शब्द उतरला की पुढे हात चालेना.

जानेवारीच्या अखेरीस निवृत्त झाले. निरोप समारंभात केंद्रप्रमुखांनी शाल घातली आणि भाषणात 'निर्भीड' म्हणाले. ती पत्रं माझी आहेत हे शिक्षकांत एक-दोघांना ठाऊक होतं, त्यांनीच सांगितलं असावं. तो सदस्य पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मी आभाराचं भाषण केलं. मुलांना सांगितलं की नेहमी खरं बोला. शिक्षक असंच काहीतरी सांगतात, तोंडातून आपोआप येतं. ते वाक्य संपवताना माझी नजर त्या दोन तोट्यांवर गेली आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं खाली बसले.

नगरला घरी आले. पेन्शन मार्चमध्ये सुरू झाली. एप्रिलच्या अखेरीस शाळेतल्या सहशिक्षकाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं सांगितलं की मावशी परत आल्या आहेत आणि महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत नळाचा प्रश्न विचारणार आहेत असं गावात बोललं जातंय. त्यानं मला या असं म्हटलं नव्हतं. मावशींनी तर नव्हतंच बोलावलं. तरी मी पहाटेची एसटी धरली.

झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीपुढच्या मांडवात सभा बसली. माणसं थोडी, बायका त्याहून थोड्या. मी बायकांच्या मागे जाऊन बसले. मावशी पुढे होत्या, काळवंडलेल्या, खांदे उतरलेले. विषय चालू असताना मध्येच त्या उठल्या आणि पाणी का येत नाही ते विचारलं. ग्रामसेवकानं फाइल काढली. कामं पूर्ण झाल्याचा दाखला आहे म्हणाला, आणि वाचून दाखवलं: शाळेस नळाद्वारे नियमित व पुरेसा पाणीपुरवठा होत आहे. मुख्याध्यापिका, सही, शिक्का.

मावशींनी मागे वळून बघितलं नाही. मी आल्याचं त्यांना कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक. मी उठून उभी राहिले. पुढच्या बाईच्या खांद्याला धरलं. मी म्हणाले, "ते प्रमाणपत्र खोटं आहे. मी दिलं होतं. शाळेच्या नळाला पाणी कधी आलं नाही. टीव्हीवरही मी खोटं बोलले. आणि मावशींच्या भातात कधी काही निघालं नव्हतं, तो ठरावही खोटा आहे."

दोन-तीन मोबाईल वर झाले. मग ग्रामसेवक अगदी नम्रपणे म्हणाला की मॅडम या गावच्या मतदार नाहीत, त्यामुळे त्यांचं म्हणणं इतिवृत्तात घेता येणार नाही. सदस्य उठला. बाईंना उन्हाचा त्रास होतोय म्हणाला, आणि कुणाकडून तरी पाण्याची बाटली मागवून माझ्या हातात दिली. थोडे लोक हसले. पुढचा विषय सुरू झाला, स्मशानभूमीच्या शेडचा.

सभा संपल्यावर मी मावशींच्या मागे त्यांच्या घरापर्यंत गेले. त्यांनी बसायला पोतं टाकलं, चहा केला. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली कोयत्याचा वण होता, अजून लाल. मग मी म्हणाले, "चुकले." त्यांनी कप खाली ठेवला.

"तवा बोलाया पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "आता तुमाला काय हुनार हाय? पेन्शन चालू झाली."

मी हो म्हणाले. त्यांनी जे सांगितलं ते मला एसटीत बसल्यापासून माहीत होतं. माझं धाडस पेन्शनचा पहिला हप्ता जमा झाल्यावर आलं होतं. मी विचारलं, तुमच्या वतीनं तालुक्याला तक्रार अर्ज लिहून देऊ का, काम परत मिळावं म्हणून. मावशींनी थोडा विचार केला.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पर माज्या नावानं नगं. तुमच्या नावानं लिवा."

त्याप्रमाणे लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा खाली पूर्ण नाव, पत्ता, निवृत्त मुख्याध्यापिका असं घातलं आणि पंचायत समितीत जाऊन अर्ज दिला. तोच मजकूर थोडा आवरून त्या दैनिकालाही पाठवला, तोही नावासकट. दैनिकानं तो छापला नाही. सदर सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला तेव्हा तो संकोचून म्हणाला की यात तुमच्यावरच आरोप होतात, शिवाय गावाचं नाव आहे, तुम्ही एकूण पाणीप्रश्नावर लिहा ना, पूर्वीसारखं छान. त्याला दोष द्यावासा वाटला नाही. एकूण पाणीप्रश्नावर लिहिण्याची चटक मलाच होती.

पंचायत समितीकडून मात्र पत्र आलं. खोटं प्रमाणपत्र दिल्याबद्दल माझ्यावर कार्यवाही का करू नये, याचा लेखी खुलासा करण्यासाठी हजर राहावं. पाइपलाइनबद्दल त्यात काही नाही, ठेकेदाराबद्दल नाही, मावशींच्या कामाबद्दल नाही. माझा धाकटा भाऊ वकील आहे. तो म्हणाला, दबावाखाली सही केली असं लिही, तेवढ्यानं मिटेल. मी तसा मसुदा करून पाहिला. पण ठेकेदाराचा माणूस हसत होता, सदस्य अदबीनं बोलत होता आणि शिक्का मी स्वतः काढला होता. शेवटी खुलाशात तेवढंच लिहिलं, जसं घडलं तसं, दीड पान.

परवा मावशींना फोन केला. फोन सुनेकडे असतो, तिनं तो त्यांच्याकडे दिला. मी सांगितलं की सोमवारी पंचायत समितीत जायचं आहे, खुलासा लिहून झाला आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या कागदात माजं नाव न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"नीट बगा हं बाई," त्या म्हणाल्या, आणि फोन सुनेला दिला.

फोन ठेवून मी दीड पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून काढलं. त्यांचं नाव कुठे नव्हतं.